पार्श्वभूमी : टॉन्सिल्स काढायचे की ठेवायचे?

पुण्यात थंडी सुरू झाली की कान-नाक-घसा तज्ज्ञाच्या दवाखान्याबाहेरच्या बाकावर एक वाक्य हमखास ऐकू येतं : "याला टॉन्सिल्स झालेत." खरं तर टॉन्सिल्स होत नाहीत, ते असतातच. तुम्हाला, मला, त्या पोराला, आणि काढले नसतील तर डॉक्टरांनाही. सुजतात तेव्हा त्याला टॉन्सिलायटिस म्हणायचं. पण एवढा लांब शब्द कोण घेणार? "मला सायनस आहे" हे वाक्यही त्याच घरातलं. चेहऱ्याच्या हाडांमधल्या पोकळ्यांचं नाव आपण दुखण्याला देऊन टाकलं. हा नुसता भाषेचा कीस नाही. अवयवाचंच नाव आजाराला पडलं की तो काढून टाकणं हाच सरळ उपाय वाटायला लागतो, आणि गेली शंभर वर्षं टॉन्सिल्सच्या बाबतीत बरंचसं तसंच झालं.

त्यातून आपल्याकडे मूळ शब्द टॉन्सिल नव्हताच. आजीच्या पिढीत घशाची सगळी दुखणी पडजिभेच्या नावावर जमा व्हायची. कोरडा खोकला आला, गिळताना टोचलं, की "पडजीभ वाढली". मग तुरटीची लाही मधात कालवायची आणि बोट थेट घशात. आम्ही ओकारी काढत अंगणात पळायचो. पडजीभ म्हणजे मधोमध लोंबणारा तो मांसाचा थेंब; टॉन्सिल्स त्याच्या दोन्ही बाजूंच्या कमानींत बसलेले. शेजारी असले तरी दोघांचा संसार वेगळा. हा घोळ एकट्या मराठीचा नाही, हेही सांगायला हवं. टॉन्सिल छाटायचं गिलोटिन १८२८च्या सुमारास फिलाडेल्फियातल्या एका सर्जननं बनवलं, ते मुळात पडजीभ कापायच्या हत्यारात फेरफार करूनच.

सुश्रुतसंहितेत मात्र खाती वेगळी आहेत. गलशुंडिका ही पडजिभेची; ती चिमटीत ओढून मंडलाग्र शस्त्रानं किती छाटायची याचाही हिशेब दिलेला. तुंडिकेरी तालूच्या रोगांत, आणि आवळ्याच्या बीएवढी गाठ म्हणून सांगितलेला गिलायु गळ्याच्या रोगांत. आज आयुर्वेदाच्या वर्गात तुंडिकेरी म्हणजे टॉन्सिलायटिस असं सरळ शिकवतात. गिलायुचं वर्णन वाचलं की तोही टॉन्सिलच असावा असं वाटतं, म्हणून मला तरी ते इतकं सरळ वाटत नाही. रोमन काळात टॉन्सिल बोटानं सोडवून काढायची रीत होती, एवढं सांगून जुना काळ इथेच सोडतो.

खरी कहाणी विसाव्या शतकाच्या सुरुवातीची. त्या वेळी इंग्लंड-अमेरिकेत एक विचार फोफावला : सांधेदुखी, मूत्रपिंडाचे विकार, अगदी मनाचे आजारसुद्धा शरीराच्या एखाद्या कोपऱ्यात दडलेल्या पुवातून येतात. संशयित दोन, दात आणि टॉन्सिल्स. दोन्ही सहज दिसणारे, हाताला लागणारे, काढले तर माणूस मरत नाही असे. मग धडाधड काढले गेले. टॉन्सिल हा प्रतिकारशक्तीचा भाग आहे, नाक-तोंडातून येणाऱ्या जंतूंची ओळख पटवणाऱ्या पेशींचा नाका आहे, ही समज नंतर पक्की झाली. घशाभोवतीच्या या लसिकापेशींच्या कड्याचं वर्णन मात्र १८८४ सालीच झालेलं होतं.

यानंतर न्यूयॉर्कची ती प्रसिद्ध तपासणी, जिचे निकाल १९३४ साली छापले गेले. मी ती दरवेळी सांगतो आणि दरवेळी समोरचा माणूस आकडे पुन्हा विचारतो. शाळेतली १,००० मुलं घेतली. त्यातल्या ६११ जणांचे टॉन्सिल्स आधीच गेलेले. उरलेली ३८९ डॉक्टरांना दाखवली. त्यांनी १७४ जणांना ऑपरेशन सांगितलं. ज्यांना नको म्हटलं ती २१५ मुलं दुसऱ्या डॉक्टरांसमोर उभी केली. त्यांनी ९९ जणांना सांगितलं. राहिलेली ११६ तिसऱ्यांकडे, त्यांनी ५१. तीन फेऱ्या, आणि दर फेरीत साधारण ४५ टक्के. समोर आलेल्यांपैकी निम्म्याला थोडे कमी जण आजारी असणारच, असं जणू डॉक्टरांच्या डोळ्यांनी ठरवूनच ठेवलं होतं. चार वर्षांनी इंग्लंडमधली पाहणी आली. तिथे शेजारशेजारच्या जिल्ह्यांत ऑपरेशनांच्या प्रमाणात प्रचंड तफावत निघाली, आणि उत्तर लंडनच्या एका भागात शाळांचा वैद्यकीय अधिकारी बदलताच संख्या दहाव्या हिश्श्यावर आली. पोरांचे घसे काही एका वर्षात बदलले नव्हते. पुढे १९४०च्या दशकात पोलिओच्या हंगामात टॉन्सिल्स काढलेल्या मुलांना मेंदूच्या तळाशी जाणारा, श्वासावर बेतणारा पोलिओ जास्त होतो असं दिसलं, आणि निदान त्या महिन्यांत तरी हत्यारं बाजूला राहिली.

आपल्याकडचा धाक वेगळा होता. एक घटसर्प : टॉन्सिलवर पांढरट पडदा धरणारा, श्वास कोंडणारा आजार. तो त्रिगुणी लसीनं मागे पडला. दुसरा धाक अजून आहे. स्ट्रेप्टोकॉकस नावाच्या जंतूनं घसा सुजतो, दोन-तीन आठवड्यांनी सांधे सुजतात आणि काहींच्या हृदयाची झडप कायमची बिघडते. हे पेनिसिलिननं टळतं, असं १९५० साली अमेरिकेच्या हवाई दलाच्या तळावरच्या जवानांमध्ये दाखवलं गेलं. इथे पुण्याचा धागा येतो. पिंपरीचा सरकारी कारखाना, हिंदुस्तान अँटिबायोटिक्स, १९५४ साली संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांच्या मदतीनं उभा राहिला आणि पुढच्या वर्षी तिथे पेनिसिलिन तयार होऊ लागलं. पिंपरीकर त्याला नुसतं एच.ए. म्हणतात. झडप बिघडलेल्या मुलांना दर तीन आठवड्यांनी पेनिसिलिनचं दुखरं इंजेक्शन घ्यावं लागतं, वर्षानुवर्षं. टॉन्सिल्स काढले की ते टळेल, या आशेवर अनेकांनी काढले. तसं टळत नाही.

पेनिसिलिन हाताशी आलं तरी सत्तरीच्या दशकात पेठांमध्ये टॉन्सिल्सचं ऑपरेशन मौंजीबंधनासारखं चालायचं. मे महिन्याची सुट्टी, आणि एका घरातली दोन-दोन पोरं जोडीनं. दादाला वर्षभर ताप यायचा. मला फारसं काही नव्हतं. पण "दोघांचं एकदमच उरकून टाकू" असं ठरलं, आणि आइस्क्रीमच्या कबुलीवर मीही टेबलावर चढलो. दवाखान्याची कार्डं आईनं रेशनकार्डाच्या पिशवीत जपून ठेवली होती. माझ्या कार्डावर कारणाच्या रकान्यात एकच शब्द : 'एन्लार्ज्ड'. वाढलेले. त्या वयात ते वाढलेलेच असतात. तीन ते सात वर्षांच्या सुमारास भरात येतात आणि मिसरूड फुटेपर्यंत आपोआप आक्रसतात.

मोजमापाची शिस्त आली ती १९८४ साली पिट्सबर्गच्या अभ्यासातून. सात-पाच-तीन. वर्षात सात वेळा घसा धरला, किंवा सलग दोन वर्षं पाच-पाच वेळा, किंवा तीन वर्षं तीन-तीन वेळा, तरच ऑपरेशनचा विचार. पाठ करायला सोपा म्हणून हा नियम सगळ्यांच्या तोंडी बसला आणि त्याची तळटीप गळून पडली. नुसतं "घसा दुखतोय" मोजायचं नाही. सोबत ३८.३ अंश सेल्सिअसवर ताप, मानेतल्या सुजलेल्या गाठी, टॉन्सिलवरचा पू किंवा तपासणीत सापडलेला स्ट्रेप्टोकॉकस, यातलं काहीतरी हवं. आणि प्रत्येक वेळची नोंद डॉक्टरच्या कागदावर हवी. आईच्या आठवणीतले सात आणि कागदावरचे सात यांत बरंच अंतर पडतं. आपल्याकडे एक कागद कोपऱ्यावरच्या फॅमिली डॉक्टरकडे, एक होमिओपॅथकडे, एक मामाच्या गावाला. वर तीन वेळा तर केमिस्टनंच गोळी दिलेली. सात आणायचे कुठून?

त्याच अभ्यासातली दुसरी गोष्ट बाकावर बसलेल्यांना कुणी सांगत नाही. ऑपरेशन झालेल्या मुलांचे घसे पहिली दोन वर्षं कमी धरले, हे खरं. पण ज्यांचं झालं नाही त्यांच्यातलीही बरीच मुलं आपोआप सुधारली. त्याच गटानं २००२ साली कमी त्रास असलेल्या मुलांचा अभ्यास छापला : एवढ्याशा फायद्यासाठी भूल, दुखणं आणि रक्तस्रावाचा धोका घेऊ नये. मोठ्यांचा निकाल मात्र उलट्या बाजूला झुकतो. २०२३च्या ब्रिटनमधल्या चाचणीत दोन वर्षांत ऑपरेशनवाल्यांचा घसा साधारण २३ दिवस दुखला, थांबलेल्यांचा ३०. पोरांचे कापून मोठ्यांना "सवय करून घ्या" म्हणणारे आपण बहुधा उलटेच वागत आलो.

आता मात्र प्रश्नच बदलला आहे. घसा कितीदा धरतो यापेक्षा मूल झोपतं कसं, हे आधी विचारतात. टॉन्सिल्स आणि नाकामागचे ॲडेनॉइड्स मिळून वाट अडवतात, पोर तोंड उघडं टाकून झोपतं, घोरतं, मध्येच श्वास थांबतो, दचकतं. आपल्या घरांत घोरणाऱ्या पोराचं कौतुक : "बघा, कसा गाढ झोपलाय." २०१३च्या अमेरिकन चाचणीत अशा ५ ते ९ वर्षांच्या मुलांची झोप आणि वागणूक ऑपरेशननंतर सुधारली, एकाग्रतेच्या परीक्षेत मात्र फरक पडला नाही. म्हणून डॉक्टर आता रात्रीचा व्हिडिओ मागतात. परवा एका बाबानं तो पूर्ण आवाजात लावला. अख्खा बाक गप्प. शेजारची आजी म्हणाली, "हे तर याच्या आजोबांचंच."

हत्यारांचं थोडक्यात. गिलोटिन गेलं, चिमटा-कात्रीनं सोडवून काढणं आलं, मग विजेचं डागणं, लेझर, आणि रेडिओलहरींनी ऊतक विरघळवणारं कोब्लेशन. फलकांवर "बिनटाक्याचं" असं मोठ्या अक्षरांत असतं. टाके पूर्वीही सहसा नसायचेच. २००३-०४मध्ये इंग्लंड आणि उत्तर आयर्लंडमधल्या मोठ्या नोंदणीत उष्णतेच्या पद्धतींनंतर रक्तस्राव जास्त आढळला, जुन्या थंड पोलादानंतर, म्हणजे चिमटा-कात्रीनंतर, कमी.

तो रक्तस्राव ऑपरेशनच्या दिवशीच होतो असं नाही. जखमेवर पांढरी खपली धरते, घरचे तिला पू समजून घाबरतात, आणि पाचव्या ते दहाव्या दिवसाच्या दरम्यान ती सुटते तेव्हा रक्त येऊ शकतं. दादाला आठव्या रात्री आलं. सकाळच्या एस.टी.नं सगळे कोकणात निघणार होतो, बॅगा दाराशी. "दोन आठवडे पुणं सोडू नका" असं हल्लीचे डॉक्टर बजावतात, ते यासाठी.