मशिनवर झिरो-झिरो, तरी अटल सेतूवर थरथर

स्टेअरिंग थरथरतंय असं सोसायटीच्या ग्रुपवर कुणी टाकलं की पाच मिनिटांत उत्तर हजर, "अलाइनमेंट करून घे." अरे पण अलाइनमेंट म्हणजे चाकं कुठल्या दिशेला तोंड करून उभी आहेत त्याचा हिशोब. तो बिघडला तर गाडी एका बाजूला ओढते, टायर एका कडेने झिजतो, रस्ता सरळ असून स्टेअरिंग तिरकं धरावं लागतं. थरथर ही वेगळी गोष्ट. तीच ती हालचाल सेकंदाला दहा-पंधरा वेळा होतेय म्हणजे गाडीत काहीतरी सेकंदाला दहा-पंधरा वेळा फिरतंय, आणि टो-कॅम्बर, म्हणजे अलाइनमेंटमध्ये मोजतात ते चाकाचे कोन, काही फिरत नाहीत, चाक फिरतं.

ठाणे आणि नवी मुंबईत सध्या जिकडे बघावं तिकडे कंपनीच्या रिमऐवजी बाहेरून टाकलेले अलॉय, म्हणजे चकचकीत धातूच्या रिम, दिसतात आणि तक्रार सगळ्यांची एकच, गावात गाडी लोण्यासारखी, ८० च्या वर गेली की स्टेअरिंग नाचायला लागतं, टायरवाल्याकडे नेलं तर तो बॅलन्सिंग मशिनची स्क्रीन दाखवतो, झिरो-झिरो आहे साहेब (म्हणजे चाकाच्या आतल्या-बाहेरच्या दोन्ही कडांना वजनाचा फरक शून्य), रोडचा प्रॉब्लेम असेल. घोडबंदर रोडवर रोज ये-जा करणाऱ्याला तर हा आजार महिनोन्महिने कळतच नाही, तिथे ८० चा आकडा बघायचा तर रात्री दोनला बाहेर पडायला हवं. मग एखाद्या रविवारी घरच्यांना घेऊन माणूस अटल सेतूवर जातो. २०२४ च्या जानेवारीत सुरू झालेला, जवळपास २२ किलोमीटर, कारला १०० ची लिमिट, सिग्नल नाही काही नाही, म्हणजे थरथर सापडायला यापेक्षा चांगली जागा नाही.

आधी आकडे बघू. १९५/५५ आर १६ हा टायर घ्या, बलेनोच्या वरच्या व्हेरियंटला येतो तो. व्यास साधारण ६२ सेंटिमीटर, परीघ १.९५ मीटर. १०० च्या स्पीडला गाडी सेकंदाला २७.८ मीटर जाते, भागाकार करा, चाकाच्या सेकंदाला १४ फेऱ्या होतात. सोपा हिशोब म्हणजे स्पीडला सातने भागायचं. ७० ला १०, ८४ ला १२, १०५ ला १५. हा सातचा पाढा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता समजा रिमच्या कडेला, मधल्या बिंदूपासून २० सेंटिमीटरवर ४० ग्रॅम वजन जास्तीचं आहे. बाहेर ओढणारा जोर म्हणजे वस्तुमान गुणिले त्रिज्या गुणिले कोनीय वेगाचा वर्ग, कॉलेजात सगळ्यांनी घोकलेलं सूत्र. १०० च्या स्पीडला उत्तर येतं ६४ न्यूटन, म्हणजे साडेसहा किलो वजनाएवढा जोर, तो सेकंदाला १४ वेळा हबला, म्हणजे चाक ज्याच्यावर बसतं त्या भागाला, वर-खाली-पुढे-मागे खेचतोय. ५० च्या स्पीडला तोच जोर चौपटीने कमी, दीड किलोच्या आसपास. गावात काही जाणवत नाही त्याचं अर्धं कारण हा वर्ग आहे, उरलेलं अर्धं नंतर सांगतो.

पण ४० ग्रॅमचा फरक बॅलन्सिंग मशिन पकडतं आणि समोर वजन चिकटवून तो घालवता येतो. मग झिरो-झिरो झाल्यावरही थरथर कुठून येते? माझ्या मते अख्ख्या विषयातली सगळ्यात भारी गोष्ट हीच आहे, त्यामुळे इथे जरा थांबतो.

गाडीच्या हबवर मधोमध एक गोल उंचवटा असतो. स्विफ्ट, बलेनो, आय-ट्वेंटी यांचा ५४.१ मिलिमीटर व्यासाचा, होंडा सिटीचा ५६.१. कंपनीच्या रिमचं मधलं भोक बरोब्बर त्याच मापाचं असतं, रिम त्यावर सरकवली की आपोआप मधोमध बसते, नट फक्त दाबून धरायचं काम करतात. बाहेरचे अलॉय बनवणारा मात्र प्रत्येक गाडीसाठी वेगळं भोक पाडत बसत नाही. तो मोठं भोक ठेवतो, ६७.१ किंवा ७३.१, म्हणजे एकच रिम दहा गाड्यांना चालते. ७३.१ मधून ५४.१ वजा करा, १९ मिलिमीटर उरले, म्हणजे चारी बाजूंनी साडेनऊ मिलिमीटर नुसती हवा. आता रिम मध्यावर आणायची सगळी जबाबदारी नटांच्या शंकूसारख्या टोकांवर येऊन पडते. शंकू आणि खाच दोन्ही नीट असतील, चाक जमिनीपासून वर उचललेलं असताना समोरासमोरचे नट थोडे थोडे करून आवळले तर चाक खरंच मध्यावर येतं, उगाच घाबरवत नाही. पण आपल्याकडे काय होतं, पहिला नट एअर गनने खर्रकन शेवटपर्यंत, मग बाजूचा, मग त्याच्या बाजूचा, आणि कधी कधी जॅक उतरवून झाल्यावर. चाक जिथे पहिल्यांदा टेकलं तिथेच अडकतं. त्यात होंडाच्या कंपनीच्या नटांचं टोक शंकूसारखं नसतं, गोलसर असतं, तेच नट शंकूच्या खाचेत वापरले की टेकण कमी, सेंटरिंग रामभरोसे.

समजा त्यात चाक फक्त अर्धा मिलिमीटर सरकलं. रिम आणि टायर मिळून १८ किलो धरा. १८ किलो गुणिले अर्धा मिलिमीटर आणि ४५ ग्रॅम गुणिले २० सेंटिमीटर, दोन्हीचं उत्तर सारखंच येतं. म्हणजे डोळ्याला न दिसणाऱ्या अर्ध्या मिलिमीटरने चाकावर ४५ ग्रॅमचं भूत बसवलं, १०० च्या स्पीडला सात किलोच्या वर जोर.

आणि मशिन हे बघूच शकत नाही! कारण मशिनवर चाक बसवताना नट वापरतच नाहीत, मधल्या भोकात एक शंकू घालून दाबतात. भोक ७३.१ चं असो नाहीतर ५४.१ चं, शंकू आपोआप मध्य पकडतो. तिथे चाक भोकाच्या मध्याभोवती फिरतं आणि झिरो-झिरो येतं, ते खरंच असतं. गाडीवर तेच चाक नटांनी ठरवलेल्या दुसऱ्याच मध्याभोवती फिरतं. एकट्या चाकाचा बॅलन्स असं काही नसतंच, तो कुठल्या अक्षाभोवती ते सांगावं लागतं. लहानपणी भोवऱ्याची आर जरा बाजूला ठोकली गेली की भोवरा कसा उड्या मारायचा आठवा, लाकूड तेच, जाळीही तीच, फक्त आर सरकलेली.

अजून एक, अक्ष सरकला की नुसतं वजन सरकत नाही, गोलाई पण सरकते. जमिनीच्या दृष्टीने चाक आता गोल नाही, दर फेरीला गाडी अर्धा मिलिमीटर वर ढकलली जाते आणि खाली येते. कारच्या टायरचा ताठपणा मिलिमीटरला साधारण २०० न्यूटन असतो, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरला १०० न्यूटन. हा जोर स्पीडच्या वर्गाने वाढत नाही, वजनाचा मात्र वाढतो. त्यामुळे वजनं चिकटवून ही उणीव भरायला गेलात तर फार तर एका स्पीडला दोन्ही एकमेकांना खोडतील, बाकी सगळीकडे जैसे थे.

आता ते उरलेलं अर्धं कारण. चाक, हब, ब्रेक हा सगळा ३५-४० किलोचा गोळा खाली टायरच्या स्प्रिंगवर आणि वर सस्पेन्शनच्या स्प्रिंगवर टांगलेला आहे. अशा कुठल्याही जोडीला स्वतःची एक लय असते, इथे ती सेकंदाला १० ते १५ च्या मध्ये पडते. सातचा पाढा काढा, ७० ते १०५! चाकाची लय आणि या गोळ्याची लय नेमकी हायवेच्या स्पीडला जुळते, म्हणून ८५-९५ ला कळस होतो आणि त्याच्यापुढे काही गाड्या चक्क शांत होतात. हे शांत होणं लोकांना जादू वाटते. स्वीडनच्या गुस्ताफ द लाव्हालने १८८० च्या दशकात वाफेचं टर्बाइन बनवताना मुद्दाम बारीक, लवचिक शाफ्ट वापरला होता, कारण त्या लयीच्या पलीकडे गेलं की फिरणारी वस्तू स्वतःच्या वजनाच्या मध्याभोवती फिरायला बघते आणि कंप उतरतो. १९१९ मध्ये जेफकॉट नावाच्या इंजिनिअरने त्याचं गणित नीट मांडलं, लयीच्या खाली जड बाजू आणि हालचाल एकाच दिशेला असतात, लयीवर पाव फेरीने मागे आणि लयीच्या वर थेट उलट्या दिशेला. शॉक अ‍ॅबसॉर्बर चांगले असतील तर कळस बुटका आणि पसरट होतो, गेलेले असतील तर टोकदार. हे डोक्यावरून गेलं तरी हरकत नाही, एवढंच धरा की पुढे गाडी शांत झाली तरी बेअरिंगवरचा जोर वाढतच असतो, म्हणून १२० ने पळवणं हा इलाज नाही, चलान येईल ते वेगळंच.

ऑफसेटचं थोडक्यात, म्हणजे चाक हबवर किती आत-बाहेर बसतं त्याचं माप, रिमवर ते ईटी आणि मिलिमीटरचा आकडा असं लिहितात. रिमवर ईटी ४५ च्या जागी ईटी ३५ लिहिलेलं असेल तर चाक १० मिलिमीटर बाहेर आलं. त्याने थरथर तयार होत नाही, पण स्टेअरिंग वळवल्यावर चाक ज्याच्याभोवती वळतं त्या पिव्होटवरचा चाकाचा तरफेचा हात तेवढ्याने लांबतो आणि जी थरथर आधी हातापर्यंत पोचत नव्हती ती पोचायला लागते.

मग शोधायचं कसं? सगळ्यात भरवशाची टेस्ट फुकट आहे, जुनी चाकं फेकली-विकली नसतील तर चारही परत लावा आणि त्याच रस्त्यावर त्याच स्पीडला जा. थरथर गेली तर दोष अलॉय, टायर किंवा बसवण्यात. नाही गेली तर अलॉयला शिव्या देऊ नका. त्याआधी गाडी चालवतानाच बरंच कळतं. स्टेअरिंग हलत असेल तर बहुतेक पुढची चाकं, सीट आणि फ्लोअर हलत असेल तर मागची. फक्त ब्रेक दाबल्यावर येत असेल तर ब्रेक डिस्क बघा. त्याच स्पीडला गिअर बदलून बघा, इंजिनचे आरपीएम बदलले आणि थरथर तशीच राहिली तर इंजिन सुटलं. थरथर येत-जात असेल तर वळणाकडे लक्ष द्या, काटकोनातल्या एका वळणात बाहेरचं चाक आतल्यापेक्षा सव्वा फेरी जास्त मारतं, त्यामुळे डाव्या-उजव्या चाकाचे धक्के कधी एकत्र पडतात कधी चुकतात, आणि ड्रायव्हरला वाटतं रस्त्याचंच काहीतरी आहे.

शंका उरली तर मोबाईल काढा, म्हणजे बाजूला बसलेल्याने काढावा. जर्मनीतल्या आखेन विद्यापीठाचं फायफॉक्स नावाचं फुकट अ‍ॅप आहे, त्यात फोनच्या सेन्सरवरून कंपाचा स्पेक्ट्रम दिसतो, म्हणजे सेकंदाला किती वेळा होणारा कंप किती जोराचा आहे त्याचा आलेख. स्थिर ९८ ला चालवा, फोन सीटच्या रेलवर घट्ट दाबून धरा. १४ हर्ट्झला, म्हणजे सेकंदाला १४ वेळा, सुळका आला तर चाकाच्या फेरीला एक धक्का, म्हणजे बॅलन्स किंवा सरकलेला मध्य. २८ ला आला तर फेरीला दोन, चाक किंवा टायर लंबगोल झालाय. ४२ ला आला आणि अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावर वाढत असेल तर ड्राइव्हशाफ्टचा आतला जॉइंट बघा, त्यात तीन रोलर असतात. चार सिलिंडरचं इंजिन २५०० आरपीएमला ८३ च्या आसपास दिसतं, त्याची चाकाशी गल्लत होत नाही.

मधेच एक सांगून टाकतो, कारण दोन्ही ऐकून कान किटलेत. एक म्हणजे नायट्रोजन भरा, थरथर जाईल. साध्या हवेतच ७८ टक्के नायट्रोजन आहे, उरलेला भरल्याने चाकाचा मध्य सरकत नाही. दुसरं म्हणजे शनिवारी चाकं घेतली, शनिवारी लोखंड घेऊ नये. अहो, अलॉय अ‍ॅल्युमिनियमचे असतात, शनिमहाराजांचा त्यात काय संबंध!

दोष मध्याचा निघाला तर उपाय फारच साधा आहे, हब रिंग. बाहेरून ७३.१, आतून ५४.१, म्हणजे ती साडेनऊ मिलिमीटर हवा भरून निघते. रिंग वजन पेलत नाही, ते काम नटांनी दाबलेल्या पृष्ठभागांमधलं घर्षण करतं, रिंग फक्त आवळताना चाक मध्यावर धरते. त्यामुळे प्लास्टिकचीही चालते, घाटात ब्रेक फार तापवणाऱ्याने अ‍ॅल्युमिनियमची घ्यावी. घ्यायच्या आधी हब आणि भोक दोन्ही कॅलिपरने मोजून घ्या, दुकानदाराच्या अंदाजावर जाऊ नका. बसवायच्या आधी हबचा चेहरा वायर ब्रशने घासा. आपल्याकडच्या पावसाळ्यात आणि खाडीच्या हवेत तिथे गंजाची खपली धरतेच, आणि हबच्या कडेला ०.१ मिलिमीटरची खपली टायरच्या कडेला पोचेपर्यंत ०.४ च्या वर जाते, चाक तिरकं डुलतं.

रिंग घालूनही थरथर राहिली तर चाक जॅकवर उचलून हाताने फिरवा आणि रिमच्या आतल्या कडेशी एखादी सळई स्थिर धरून फट बघा. खड्ड्यात आदळलेली रिम बहुतेक वेळा आतून वाकते, बाहेरून चकाचक दिसते. रिम सरळ असेल तर चाक काढून एका स्टडने (नट ज्यावर आवळतात तो हबवरचा बोल्ट) पुढे सरकवून बसवा. चार स्टड म्हणजे चार जागा, थरथर कमी-जास्त झाली तर हबचा आणि चाकाचा थोडा थोडा दोष एकमेकांत मिसळतोय, जी जागा सगळ्यात शांत तिथे खूण करून ठेवा. काहीच बदललं नाही तर टायरवाल्याला टायर रिमवर अर्धा फेरा फिरवून परत बॅलन्स करायला सांगा. तो कुरकुर करेल, मशिनवर झिरो आहे म्हणेल, पण टायर एका बाजूला कडक आणि दुसऱ्या बाजूला मऊ असू शकतो आणि हा फरक चाकावर गाडीचा भार असतानाच कळतो. हवेत फिरवणाऱ्या साध्या मशिनला तो दिसत नाही, टायरवर रोलर दाबून मोजणारं मशिन लागतं. टायरच तसा निघाला तर त्याला वजनं लावत बसू नका, वॉरंटीत बदलून मागा.