जर्नीमन (आइस हॉकी)

जर्नीमन (आइस हॉकी) : एका संघात फार काळ न स्थिरावता अदलाबदल, अल्प मुदतीचे करार आणि दुय्यम लीगमधील नेमणुका यांमुळे वर्षानुवर्षे संघ बदलत राहणारा व्यावसायिक खेळाडू. हा प्रकार प्रामुख्याने कॅनडा व अमेरिकेतील आहे. तो संघाचा तारा नसतो, पण संघाला त्याच्यावाचून चालतही नाही. चेंडूऐवजी रबराची चकती (पक) वापरणाऱ्या या खेळाचे नियम येथे गृहीत धरले आहेत.

उगम : पैसे घेऊन संघ बदलणारा पहिला हॉकीपटू कोण, याविषयी एकमत नाही. १९०० च्या सुमारास कॅनडात हौशीपणाचे नियम कडक होते आणि देवघेव लपूनछपून चाले, त्यामुळे लेखी पुरावा तुटपुंजा आहे. ऑन्टॅरिओ हॉकी असोसिएशनसारख्या संस्था पैसे घेणाऱ्या खेळाडूंवर बंदी घालीत. अशा खेळाडूंना सीमेपलीकडची अमेरिकी शहरे खुणावत. काही अभ्यासक व्यावसायिकतेचा आरंभ पिट्सबर्गच्या वेस्टर्न पेनसिल्व्हेनिया हॉकी लीगमध्ये मानतात. तेथे १९०२ च्या आगेमागे कॅनडातून आणलेल्या खेळाडूंना मानधन मिळू लागले होते. दुसरा पक्ष १९०४ मध्ये स्थापन झालेल्या इंटरनॅशनल प्रोफेशनल हॉकी लीगला हा मान देतो. मिशिगनमधील होटन या तांब्याच्या खाणींच्या गावी स्थायिक झालेले कॅनेडियन दंतवैद्य जे. एल. गिब्सन हे तिच्या उभारणीतील प्रमुख नाव. होटन, कॅल्युमेट, पिट्सबर्ग आणि नदीच्या दोन तीरांवरची, दोन देशांतली सू सेंट मारी ही जुळी शहरे असे तिचे पाच संघ होते. १९०७ मध्ये ती बंद पडली.

फिरत्या खेळाडूच्या दृष्टीने पाहता दुसरा पक्ष अधिक ग्राह्य वाटतो. पिट्सबर्गच्या लीगमधील सामने ड्यूकेन गार्डन या एकाच बंदिस्त रिंकवर होत, म्हणजे संघ बदलला तरी खेळाडूचे बिऱ्हाड हलत नसे. होटनच्या लीगमध्ये मात्र संघ बदलणे म्हणजे गाव बदलणे, प्रसंगी देशही बदलणे होते.

पुढील काही वर्षांत खेळाडू उसने आणण्याची प्रथा बोकाळली. जानेवारी १९०७ मध्ये केनोरा थिसल्स या छोट्या गावाच्या संघाने हॉकीतील सर्वोच्च अशा स्टॅनली चषकाच्या आव्हान-सामन्यांसाठी ब्रँडनचा बचावपटू आर्ट रॉस याला तेवढ्यापुरते आपल्याकडून खेळवले आणि मॉन्ट्रियल वाँडरर्सकडून चषक जिंकला. १९०९–१० च्या हंगामात ‘सायक्लोन’ टेलर हा नामवंत खेळाडू ओटावाचा संघ सोडून रेनफ्रूला गेला. त्याला १२ सामन्यांच्या हंगामासाठी ५,२५० डॉलर मिळाल्याचे सांगतात. हा आकडा बहुतेक संदर्भग्रंथांत आढळतो. जेमतेम काही हजार वस्तीच्या गावाला तो पेलला कसा, याचे उत्तर मात्र रेनफ्रूचे धनाढ्य मालक ओब्रायन यांच्या खाणी व कंत्राटांत सापडते. थोडक्यात, या काळात खेळाडू स्वतःच्या मर्जीने फिरत होता आणि भाव वाढवून घेत होता.

राखीव कलम व त्यानंतर : १९१७ मध्ये नॅशनल हॉकी लीग (एनएचएल) स्थापन झाली आणि हळूहळू हे चित्र पालटले. करारातील राखीव कलमामुळे हंगाम संपला तरी खेळाडूवरचा हक्क संघाकडेच राही. म्हणजे संघ त्याला हवे तेथे पाठवू शके, पण तो आपणहून कोठे जाऊ शकत नसे. जर्नीमनकडे पाहताना ही बाब विसरली जाते. निष्ठा नसलेला किंवा कोठेच न टिकणारा खेळाडू अशी त्याची जी प्रतिमा रूढ आहे, ती कराराच्या कायद्याकडे दुर्लक्ष करते. विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर असले, तरी येथे चाल ठरवणारा विंचू नसे.

१९४२ ते १९६७ या काळात एनएचएलमध्ये अवघे सहा संघ होते. वरच्या लीगमध्ये जागाच नसल्याने उत्तम खेळाडूंचे आयुष्य दुय्यम लीगमध्ये गेले. विली मार्शल हे त्याचे ठळक उदाहरण. १९३६ पासूनची परंपरा असलेल्या अमेरिकन हॉकी लीगमध्ये (एएचएल) तो १,२०५ सामने खेळला आणि त्याने ५२३ गोल केले. एनएचएलमध्ये टोरांटोकडून त्याच्या वाट्याला केवळ ३३ सामने आले. एएचएलमध्ये हंगामात सर्वाधिक गोल करणाऱ्याला आज मार्शलच्याच नावाचे पारितोषिक दिले जाते. एनएचएलमधील पहिला कृष्णवर्णीय खेळाडू विली ओ’री (पदार्पण १८ जानेवारी १९५८) हाही याच वर्गातला. बॉस्टनकडून ४५ सामने खेळल्यावर त्याची पुढची बहुतेक कारकीर्द लॉस अँजेलिस व सॅन डिएगो येथील दुय्यम संघांत गेली, तीही उजव्या डोळ्याची दृष्टी नसताना.

१९७२ मध्ये वर्ल्ड हॉकी असोसिएशन ही प्रतिस्पर्धी लीग उभी राहिली. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात फिलाडेल्फियाच्या संघीय न्यायालयात न्या. हिगिनबॉथम यांनी एनएचएलला राखीव कलमाची अंमलबजावणी करण्यास मनाई केली. मुक्त करार मात्र लगेच अवतरले नाहीत. खरी मोकळीक १९९५ व २००५ च्या सामूहिक करारांनंतर टप्प्याटप्प्याने आली.

व्यवहाराची यंत्रणा : संघ बदलण्याचे मार्ग ठरलेले आहेत. पहिला अदलाबदलीचा. तीत खेळाडूच्या मोबदल्यात दुसरा खेळाडू, नवोदितांच्या निवडीतील (जीत संघ पाळीपाळीने नवे खेळाडू घेतात) हक्क किंवा कधी केवळ ‘भविष्यातील मोबदला’ एवढेच मोघम शब्द असतात. दुसरा मार्ग वेव्हरचा : विशिष्ट अनुभव असलेल्या खेळाडूला दुय्यम लीगमध्ये उतरवायचे असेल, तर आधी तो इतर सर्व संघांसमोर २४ तास ठेवावा लागतो आणि तळाच्या संघाला पहिला हक्क मिळतो. द्विस्तरीय करारात एनएचएलमध्ये असतानाचा आणि एएचएलमध्ये असतानाचा असे दोन वेगळे पगार लिहिलेले असतात. एकाच आठवड्यात दोन दरांनी पैसे मिळण्याची वेळ त्यामुळे येते. याच्याही खाली २५ सामन्यांपुरता चाचणी-करार असतो. शिवाय एएचएलमध्ये अनुभवी खेळाडूंच्या संख्येवर मर्यादा आहे. दीर्घकाळ लागू असलेल्या नियमानुसार मैदानात उतरवलेल्या १८ खेळाडूंपैकी (गोलरक्षक वगळून) १३ ‘विकसनशील’ असावे लागतात, आणि त्यांतील बहुतेकांसाठी २६० व्यावसायिक सामन्यांची कमाल अट आहे. तिशीतल्या जर्नीमनला जागा न मिळण्याचे कारण पुष्कळदा त्याचा खेळ नसून ही अट असते.

माइक सिलिंजर : या प्रकाराचा सर्वांत पूर्ण नमुना. जन्म २९ जून १९७१, रिजायना (सास्काचेवान, कॅनडा). गावच्याच रिजायना पॅट्सकडून किशोर लीगमध्ये सलग तीन हंगामांत ५० किंवा अधिक गोल केल्यामुळे त्याचा बोलबाला झाला. १९८९ च्या नवोदितांच्या निवडीत डेट्रॉइटने त्याला अकराव्या क्रमांकावर घेतले. डेट्रॉइटमध्ये मधल्या फळीत आधीच स्टीव्ह आयझरमन व सर्गेई फ्योदोरोव्ह होते, तेव्हा सिलिंजरसारख्या गोल करणाऱ्या मध्यवर्ती खेळाडूला वाव कोठून मिळणार? एप्रिल १९९५ मध्ये तो ॲनाहाइमला गेला. त्यानंतर व्हँकुव्हर, फिलाडेल्फिया, टँपा बे, फ्लॉरिडा, ओटावा, कोलंबस, फीनिक्स, सेंट लुइस, नॅशव्हिल व न्यूयॉर्क आयलंडर्स असा त्याचा प्रवास झाला. बारा संघांकडून खेळण्याचा हा एनएचएलमधील विक्रम आहे. एकूण १,०४९ सामने, २४० गोल व ३०८ साहाय्ये.

त्याने स्वतःचा खेळ बदलून घेतला, यात त्याच्या टिकण्याचे मर्म आहे. गोल करण्याऐवजी फेस-ऑफ जिंकणे आणि आपल्या संघाचा एक खेळाडू शिक्षेवर बसलेला असताना किल्ला लढवणे ही कामे त्याने पत्करली. फेस-ऑफमध्ये दोन मध्यवर्ती खेळाडू कमरेत वाकून समोरासमोर उभे राहतात, काठीचे पाते बर्फावर टेकवतात आणि पंचाच्या हातातून पक सुटताच तो आपल्या बाजूला ओढतात. सगळा खेळ निमिषार्धाचा, मनगटाचा आणि खालच्या हाताच्या पकडीचा. या कौशल्याला सहकाऱ्यांशी वर्षानुवर्षांच्या ताळमेळाची फारशी गरज नसते. काल आलेला खेळाडू आज ते वापरू शकतो. अदलाबदलीच्या बाजारात त्याला मागणी का राहिली, ते यावरून कळते. विशेष म्हणजे कारकिर्दीतील सर्वाधिक ३२ गोल त्याने २००५–०६ च्या हंगामात केले, आणि त्याच हंगामाच्या मध्यावर, जानेवारी २००६ अखेर, सेंट लुइसने त्याला नॅशव्हिलला देऊन टाकले. पुढे आयलंडर्सकडे नितंबाच्या सांध्याच्या दुखण्याने त्याला गाठले व २००९ मध्ये तो निवृत्त झाला. त्याचा मुलगा कोल याचा जन्म मे २००३ मध्ये कोलंबसमध्ये झाला. दोन महिन्यांनी वडिलांना ते शहर सोडावे लागले. २०२१ च्या निवडीत कोलला कोलंबसनेच घेतले.

सिलिंजरच्या बारा संघांपैकी टँपा बे, ओटावा, ॲनाहाइम, फ्लॉरिडा, नॅशव्हिल आणि कोलंबस हे सहा संघ १९८९ मध्ये, म्हणजे त्याची निवड झाली तेव्हा, खेळतच नव्हते. फीनिक्सचा संघही १९९६ मध्ये विनिपेगहून हलवलेला. तेव्हा हा विक्रम जितका व्यक्तीचा, तितकाच १९९० च्या दशकातील विस्ताराचा मानला पाहिजे. नव्या संघांना अनुभवी पण स्वस्त खेळाडू हवे होते.

मोजणीचे प्रश्न : सिलिंजरची अदलाबदल किती वेळा झाली? सर्वसाधारणतः ९ हा आकडा दिला जातो, पण व्यवहारांची यादी ओळीने मोजली तर तो १० भरतो. घोळ २२ जुलै २००३ या एका दिवसाचा आहे. त्या दिवशी कोलंबसने डॅरिल सिडोरसाठी त्याला डॅलसकडे दिले आणि डॅलसने त्याच दिवशी टेप्पो नुमिनेनसाठी त्याला फीनिक्सकडे पाठवले. डॅलसचा पोशाख त्याने कधी घातला नाही. म्हणून संघांच्या गणनेत डॅलस येत नाही, व्यवहारांच्या गणनेत येऊ शकते. सास्काचेवानच्याच ब्रेंट ॲश्टनबाबत असाच पेच आहे : जुलै १९८१ मध्ये तो व्हँकुव्हरहून विनिपेगमार्गे एकाच दिवसात कोलोराडोला पोहोचला. १९८२ मध्ये कोलोराडोचा संघच न्यू जर्सीला हलला, त्यामुळे त्याचे संघ आठ धरावेत की नऊ, हाही प्रश्न उरतो. (९९८ सामन्यांवर त्याची कारकीर्द थांबली, हजारीला दोन कमी.) ‘सूटकेस’ या टोपणनावाने ओळखला जाणारा गोलरक्षक गॅरी स्मिथ याच्या बाबतीत ओकलंड व कॅलिफोर्निया ही एकाच संघाची दोन नावे कधी वेगळी मोजली जातात, तर कधी नाही. प्रत्यक्ष खेळलेला सामना आणि संघाची कायदेशीर सलगता या दोन कसोट्या लावणे त्यातल्या त्यात बिनधोक.

जर्नीमन म्हणजे कमी गुणवत्तेचा खेळाडू, हा समज उदाहरणांच्या कसोटीला उतरत नाही. दहा संघांकडून खेळलेला मिशेल पेटी हाही सिलिंजरसारखाच पहिल्या फेरीत, अकराव्या क्रमांकावर निवडला गेला होता (१९८२). स्मिथने १९७१–७२ मध्ये टोनी एस्पोझितोसह सर्वोत्तम गोलरक्षणाचा व्हेझिना चषक पटकावला होता.

इतरत्र : करार न मिळालेले उत्तर अमेरिकी खेळाडू जर्मनी, स्वित्झर्लंड, स्वीडन, ब्रिटन इ. देशांतील लीगकडे वळतात. तेथे परदेशी खेळाडूंच्या संख्येवर बहुधा मर्यादा असते. महिला हॉकीत संघबदलामागे अदलाबदलीपेक्षा लीग बंद पडणे हे कारण अधिक दिसते. कॅनेडियन विमेन्स हॉकी लीग २०१९ मध्ये बंद झाली. भारतात हा खेळ मुख्यतः लडाखमध्ये आणि लष्करी व निमलष्करी दलांच्या संघांत खेळला जातो.