नोकरी नव्हती तेव्हापासूनच्या लेडी डिटेक्टिव्ह

हल्ली व्हिक्टोरियन काळातली, म्हणजे राणी व्हिक्टोरियाच्या इंग्लंडमधली रहस्यकथा म्हटली की त्यात एक हुशार डिटेक्टिव्ह बाई असणारच असं झालंय. २०२० मध्ये नेटफ्लिक्सवर एनोला होम्स आली, त्याच वर्षी मिस स्कार्लेटची सिरीज सुरू झाली, आणि इंग्रजी पुस्तकांच्या दुकानात तर अशा मालिकांचा नुसता ढीग. मग कुणीतरी म्हणतंच, की हे काय उगाच, त्या काळात बायका कुठे असल्या भानगडीत पडायच्या, आजचे विचार घ्यायचे आणि मागच्या काळाला चिकटवायचे. यातलं अर्धं बरोबर आहे. पोलिसात बायका नव्हत्याच. पण पुस्तकात होत्या, आणि त्याही शेरलॉक होम्सच्या तेवीस वर्षं आधीपासून!

आधी पोलिसांचं बघू. लंडनची मेट्रोपॉलिटन पोलीस १८२९ ची, त्यात साध्या कपड्यातल्या डिटेक्टिव्ह लोकांची वेगळी शाखा निघाली १८४२ मध्ये, तीही मूठभर माणसांची. सगळे पुरुष. पकडून आणलेल्या बाईची झडती घ्यायची वेळ आली की ठाण्यातल्याच एखाद्या पोलिसाच्या बायकोला बोलवायचे, बस एवढाच काय तो बायकांचा संबंध. आता गंमत अशी की डिटेक्टिव्ह शाखा निघाली खरी, पण जिथे शोध लावायचा ती जागा बऱ्याचदा कुणाचं तरी घर असायची, आणि इंग्रज मध्यमवर्गाला घरात पोलीस शिरलेला अजिबात खपायचा नाही. त्यात तो पोलीस सहसा कामगार वर्गातला, म्हणजे एरवी ज्याला मागच्या दाराने यायला सांगितलं असतं तो माणूस आता बैठकीच्या खोलीत बसून घरच्या मुलींना प्रश्न विचारणार.

याचा सगळ्यात प्रसिद्ध नमुना म्हणजे १८६० चं रोड हिल हाऊस प्रकरण. विल्टशायरमधलं मोठं घर, २९ जूनच्या रात्री तीन वर्षांचा सॅव्हिल केंट पाळण्यातून गायब झाला आणि सकाळी नोकरांच्या संडासात त्याचं प्रेत सापडलं, गळा चिरलेला. लोकल पोलिसांना काही सुधरेना म्हणून दोन आठवड्यांनी स्कॉटलंड यार्डचा जॅक व्हिचर आला, त्या काळातला एकदम नावाजलेला डिटेक्टिव्ह. आता या एवढ्या हुशार माणसाची अख्खी केस कशावर उभी होती? तर एका झोपायच्या झग्यावर आणि धोब्याच्या हिशोबावर. मुलाची सावत्र बहीण कॉन्स्टन्स, वय सोळा, तिचे झगे तीन, आणि त्यातला एक मिळत नव्हता. मोलकरीण म्हणे मी यादी करून टोपलीत घातला, धोबीण म्हणे माझ्याकडे आलाच नाही. व्हिचरने मोलकरणीला खोदून खोदून विचारलं तेव्हा कळलं, की टोपली भरून झाल्यावर कॉन्स्टन्स तिथे आली होती आणि तिने मोलकरणीला पाण्याचा ग्लास आणायला खाली पाठवलं होतं. व्हिचरचं म्हणणं असं, की खुनाच्या वेळी अंगात होता तो झगा हिने नष्ट केला, मग हिशोब जुळवायला यादीत नोंद झालेला दुसरा झगा टोपलीतून हळूच काढून घेतला, म्हणजे हरवल्याचं खापर धोबिणीवर फुटेल. भन्नाट डोकं आहे की नाही, दोघांचंही.

पण खरा किस्सा पुढेच आहे. खुनाच्या दिवशीच लोकल पोलिसांच्या एका सार्जंटला स्वयंपाकघरातल्या बॉयलरच्या चुलीत वर्तमानपत्रात गुंडाळलेला एक रक्ताचा बायकी आतला झगा मिळाला होता. त्याच्या सुपरिंटेंडंटला ते बघून एवढी लाज वाटली, की असली वस्तू चारचौघात दाखवायची म्हणजे काय, हे रक्त बायकांच्या नेहमीच्या कारणाचं असणार असं मनाशी ठरवून टाकलं, तो झगा गायब झाला, आणि ही गोष्ट व्हिचरलासुद्धा सांगितली नाही! कित्येक महिन्यांनी बाहेर आली. तो झगा खरंच पुरावा होता की नव्हता ते सोडा, पण तिथे एक जरी बाई तपासाला असती तर दोन मिनिटांत बघून सांगितलं असतं. व्हिचरची केस टिकली नाही, कॉन्स्टन्स सुटली, पेपरांनी त्याचीच खिल्ली उडवली की हा माणूस सभ्य घरातल्या मुलीच्या आतल्या कपड्यांची चर्चा करतो, आणि १८६४ मध्ये बिचारा लवकर निवृत्त झाला. १८६५ मध्ये कॉन्स्टन्सने स्वतःहून कबुली दिली. तेव्हा काय उपयोग.

आणि नेमक्या त्या १८६४ सालीच, काही महिन्यांच्या फरकाने, लंडनमध्ये दोन पुस्तकं आली ज्यांची हिरॉइन पगारी डिटेक्टिव्ह होती. पहिलं अँड्र्यू फॉरेस्टर या नावाने, खरा लेखक जेम्स रेडिंग वेअर, आणि पुस्तकाचं नाव सरळसोट ‘द फीमेल डिटेक्टिव्ह’. दुसरं विल्यम स्टीफन्स हेवर्डचं ‘रेव्हलेशन्स ऑफ अ लेडी डिटेक्टिव्ह’. रेल्वे स्टेशनच्या स्टॉलवर मिळणारी, रंगीत कव्हरवाली स्वस्त करमणूक, कोणी फार जपून ठेवलीही नसतील. वेअरच्या पुस्तकात रोड प्रकरणावर बेतलेली एक कथासुद्धा आहे, म्हणजे ती केस डोक्यात घोळत होती हे उघडच आहे. त्यातली बाई, मिस ग्लॅडन, स्वतःबद्दल जवळपास काहीच सांगत नाही, लग्न झालंय की नाही तेही नाही. मैत्रिणींना वाटतं ही घरोघरी जाऊन कपडे शिवते, आणि जे वाईटावर आहेत त्यांना हिचं येणंजाणं संशयास्पद वाटतं. शिवणकामाचं निमित्त काय अचूक निवडलंय बघा, कपडे शिवणारी बाई कुठल्याही घरात दिवसभर बसू शकते, मापं घेता घेता सगळं ऐकते आणि तिच्याकडे कुणी मान वर करून बघत नाही.

दुसऱ्या पुस्तकातली मिसेस पास्कल चाळिशीला टेकलेली विधवा. नवरा अचानक गेला, हातात पैसा नाही, पोलिसांच्या बड्या साहेबाकडून ऑफर आली, घेतली. संपला विषय. पहिल्याच प्रकरणात ती एका श्रीमंत काउंटेसच्या घरी दासी म्हणून राहते, रात्री त्या काउंटेसचा पाठलाग करताना जमिनीतल्या चोरदरवाजातून खाली उतरायचं असतं, आणि अंगात क्रिनोलिन, म्हणजे घागऱ्याखाली घालायचा तो स्टीलच्या कड्यांचा पिंजरा, १८५६ नंतर ज्याची फॅशन बोकाळली होती. भोकातून जाणार कशी? मग ती ते क्रिनोलिन काढते, जमिनीवर भिरकावते आणि खाली उतरते. दोन वाक्यांत उरकलंय लेखकाने. आजच्या लेखकाने लिहिलं असतं तर तिथे स्त्रीमुक्तीवर अर्धं पान आलं असतं, मिसेस पास्कलला फक्त अडचण होत होती.

विधवाच का, याला कारण आहे आणि ते कायद्याचं आहे. तेव्हाच्या इंग्लंडमध्ये लग्न झालेल्या बाईला कायद्याने वेगळं अस्तित्वच नव्हतं, तिने कमावलेला पैसा नवऱ्याचा, तिच्या नावाने करार होत नाही. स्वतःची कमाई स्वतःकडे ठेवायचा हक्क आला १८७० च्या कायद्याने, आणि पूर्ण मालमत्तेचा १८८२ च्या. म्हणजे १८६४ मध्ये बाईने पगार घ्यायचा आणि रात्रीबेरात्री फिरायचं तर ती विधवा तरी पाहिजे किंवा मागेपुढे कुणी नसलेली अविवाहित. त्यात १८५१ च्या जनगणनेपासून तिकडे ओरड चालू होती की देशात पुरुषांपेक्षा बायका काही लाखांनी जास्त आहेत, या सगळ्यांची लग्नं होणार नाहीत, मग यांचं करायचं काय. सभ्य घरातल्या बाईला गव्हर्नेस, म्हणजे श्रीमंतांच्या घरी राहून मुलांना शिकवणारी बाई, हे सोडून दुसरं कामच नाही. तेव्हा डिटेक्टिव्ह बाई ही या प्रश्नाचंही एक कल्पनेतलं उत्तर होती असं माझं मत.

आणखी एक मोठा धागा म्हणजे घटस्फोट. १८५७ चा कायदा आला आणि १८५८ पासून लंडनमध्ये घटस्फोटाचं वेगळं कोर्ट सुरू झालं. नवऱ्याने बायकोचा व्यभिचार सिद्ध केला की पुरे, बायकोला मात्र व्यभिचाराच्या जोडीला क्रूरता, सोडून जाणं असं काहीतरी अजून सिद्ध करावं लागायचं. दोन्हीकडून पुरावा हवा, आणि असला पुरावा कुठे असतो, तर बेडरूमच्या दाराशी, हॉटेलच्या चादरीत, मोलकरणीच्या तोंडी. खाजगी चौकशीचा धंदा यावर पोसला गेला. कायद्याने असमानता ठेवली आणि त्या असमानतेतूनच दुसऱ्यांच्या घरात डोकावणाऱ्या बाईला गिऱ्हाईक मिळालं.

१८६४ नंतर मात्र बराच काळ शुकशुकाट. विल्की कॉलिन्सने १८७५ मध्ये एक नायिका आणली जी नवऱ्यावरचा खुनाचा डाग पुसायला स्वतः तपास करते, पण ती पगारी नाही, हौशीही नाही, बायको म्हणून करते. पुढची लाट आली ती थेट १८९० च्या दशकात. स्ट्रँड मासिक १८९१ चं, होम्सने वेड लावलेलं, प्रत्येक मासिकाला आपापला डिटेक्टिव्ह पाहिजे होता, आणि वेगळं काय द्यायचं तर बाई द्या.

यातली माझी सगळ्यात लाडकी लव्हडे ब्रूक. १८९३ मध्ये लडगेट मंथली या मासिकात आली, पुढच्या वर्षी पुस्तक झालं, आणि लिहिणारी स्वतः बाई, कॅथरीन लुइसा पर्किस. (या पर्किसबाई नवऱ्याबरोबर कुत्र्यांसाठी संस्था काढणाऱ्यांपैकी, १८९१ मध्ये निघालेली ती संस्था आज डॉग्स ट्रस्ट नावाने चालू आहे, पुस्तकांपेक्षा जास्त टिकली.) लव्हडे तिशी ओलांडलेली, उंच नाही बुटकी नाही, गोरी नाही सावळी नाही, सुंदर नाही कुरूप नाही, लेखिकेने तिचं वर्णनच सगळं ‘नाही नाही’ करत केलंय, आणि तेच तिचं भांडवल. पैसा अचानक गेला, विकता येईल असं कुठलं कौशल्य अंगात नाही, म्हणून या धंद्यात पडली आणि आधीच्या ओळखीपाळखीचे लोक तुटले. फ्लीट स्ट्रीटजवळच्या एका एजन्सीत नोकरी, बॉस म्हणजे डायर, त्याच्याशी केसवरून खडाजंगी चालते पण तोच बाहेर सांगतो की हिच्याइतकी शहाणी, व्यवहारी बाई मी पाहिली नाही. प्रेमप्रकरण नाही. शेवटी लग्न नाही. त्या काळात हे फारच दुर्मिळ, कारण बाकीच्या बऱ्याच जणींना लेखकांनी शेवटी बोहल्यावर चढवून निवृत्त केलंय. जॉर्ज सिम्सची डॉर्कस डीन (१८९७) आधीची नटी, नवरा चित्रकार पण आंधळा झालेला, म्हणून ही कमावते. बघा, इथेही कमवायचं कारण द्यावंच लागलं. ग्रँट अ‍ॅलनची लोइस केली १८९९ ची, सायकल चालवणारी, कॉलेज शिकलेली, पार भारतापर्यंत येऊन जाते.

एव्हाना खऱ्या जगात काय चाललं होतं? अमेरिका पुढे होती, शिकागोत पिंकर्टनच्या खाजगी डिटेक्टिव्ह एजन्सीने १८५६ मध्येच केट वॉर्न नावाच्या तरुण विधवेला घेतलं होतं (परत विधवा!) आणि १८६१ मध्ये लिंकनला बाल्टिमोरमधून गुपचूप पुढे नेणाऱ्यांत ती होती. लंडनमध्ये १८८० च्या दशकात कैदी बायकांवर देखरेख करायला पगारी मेट्रन आल्या. १९०५ च्या सुमाराला काही बायकांनी लंडनमध्ये स्वतःच्या खाजगी एजन्सी काढल्या आणि पेपरात जाहिराती दिल्या. पोलिसांच्या गस्तीवर बायका आल्या १९१९ मध्ये आणि सीआयडीत लिलियन वाइल्स १९२२ मध्ये. मिस ग्लॅडनपासून मोजा, अठ्ठावन्न वर्षं! आणि वाइल्सला काम काय मिळालं, तर बायका आणि मुलांचे जबाब घ्यायचं.

आजच्या ऐतिहासिक मालिका सुरू झाल्या त्या १९७० च्या दशकात. १९७५ मध्ये एलिझाबेथ पीटर्सची अमेलिया पीबडी आली, १८८४ च्या इजिप्तमध्ये छत्री घेऊन फिरणारी, आणि ते लिहिणारी बार्बरा मर्ट्झ स्वतः इजिप्तच्या इतिहासात पीएचडी, त्यामुळे उत्खननाचा तपशील अस्सल. १९७९ मध्ये अ‍ॅन पेरीची मालिका आली, ज्यात नवरा पोलीस आणि बायको वरच्या वर्गातली, म्हणजे नवऱ्याला जिथे मागच्या दाराने जावं लागतं तिथे ही पुढच्या दाराने चहाला जाते. रोड हिलची अडचण अशी मस्त वापरलीय. पण नंतरच्या ढिगातल्या बऱ्याच नायिका मला एकसारख्या वाटतात, दर दहा पानांनी एखादा इन्स्पेक्टर म्हणणार हे बायकांचं काम नाही आणि ही त्याला सुनावणार. १८६४ वाल्या कुणाला सुनावत बसत नाहीत. त्यांना रोजी कमवायची आहे, आणि कुणाच्या नजरेत भरणं त्यांना परवडतच नाही.

आपल्याकडचा एक धागा सांगायलाच हवा. कॉर्नेलिया सोराबजी, जन्म १८६६, नाशिकचा. पुण्याच्या डेक्कन कॉलेजमधून बीए, मुंबई विद्यापीठाची पहिली महिला पदवीधर, ऑक्सफर्डला कायदा शिकली, १८९२ मध्ये परीक्षा पास झाली पण बाई म्हणून पदवी मिळाली थेट १९२२ मध्ये. पडद्यातल्या बायकांच्या इस्टेटी दिवाण आणि नातेवाईक लुबाडायचे आणि पुरुष वकिलाला त्या बायकांना भेटताच यायचं नाही, म्हणून १९०४ मध्ये तिला बंगालच्या कोर्ट ऑफ वॉर्ड्सकडे, म्हणजे अशा इस्टेटी सांभाळणाऱ्या सरकारी खात्याकडे, कायदेशीर सल्लागार म्हणून नेमलं. तिने विषप्रयोगाच्या, खोट्या वारसांच्या असल्या एकेक भानगडी पाहिल्या की काय सांगावं. तिच्यावरून सुजाता मॅसीने परवीन मिस्त्री उभी केली, १९२१ च्या मुंबईतली वकील, पहिलं पुस्तक २०१८ चं, मलबार हिलवरच्या तीन विधवांच्या घरातलं प्रकरण. काळ व्हिक्टोरियन नाही, पण मिसेस पास्कल ज्यासाठी नेमली गेली तेच काम.

लव्हडे ब्रूकच्या सगळ्या कथांचा कॉपीराइट कधीच संपलाय, नेटवर फुकट मिळतात. सात कथा आहेत. दारात सोडलेल्या काळ्या बॅगेच्या पहिल्या गोष्टीपासून सुरू करा, डायर तिथेच भेटतो.