स्टॅम्प पेपरवर घटस्फोट होत नाही

कळव्याच्या ओळखीतल्या एका मुलीने मला परवा कागद दाखवला. १०० रुपयांचा स्टॅम्प पेपर, दोघांच्या सह्या, दोन साक्षीदार, खाली नोटरीचा गोल शिक्का. ‘आजपासून आमचा एकमेकांशी संबंध राहिला नाही.’ घरचे नवं स्थळ बघायला लागलेसुद्धा!

हा घटस्फोट नव्हे. नोटरी सही खरी असल्याचं सांगतो, लग्न मोडायचा अधिकार त्याला नाही. हिंदू विवाह कायदा, १९५५ प्रमाणे कोर्टाचा हुकूमनामाच लागतो. (जातीच्या रूढीने झालेली काडीमोड कलम २९ मानतं, पण ती रूढी कोर्टात सिद्ध करावी लागते, आणि तिथेच अडतं.) त्याआधी केलेलं दुसरं लग्न रद्दबातल ठरतं, वर ७ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

लोक कोर्टाच्या फेऱ्यांना घाबरतात, हे मला कळतं. पण दोघंही राजी असतील तर कलम १३ब आहे. एक वर्ष वेगळं राहिलेलं असावं लागतं. वेगळं म्हणजे नवरा-बायको म्हणून न राहणं. ठाण्यात दुसरी खोली भाड्याने घेणं परवडतं कुणाला? एका छपराखाली राहूनही ते धरलं जातं. अर्जानंतर सहा महिने थांबायचं, आणि समेटाची आशाच उरली नसेल तर कोर्ट तेही माफ करू शकतं, असं सुप्रीम कोर्टाने २०१७ मध्ये सांगितलंय.

आणि बाईला वकील मोफत मिळतो, तिचं उत्पन्न कितीही असो. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करायचा. त्या मुलीचा आम्ही कालच भरला.