डांबरगोळ्या, मलेरियाची गोळी आणि जीसिक्सपीडी

भाच्याला जन्मल्यावर तिसऱ्या दिवशी जोरात कावीळ चढली, निळ्या लाइटखाली ठेवलं, आणि इथल्या सोलापुरातल्याच बाळांच्या डॉक्टर मॅडमनी ताईला पहिलं काय विचारलं तर बाळाची दुपटी ट्रंकेतली आहेत का, डांबरगोळ्या घातलेल्या? होत्याच की. आमच्याकडं बाळंतविडा, जुन्या साड्यांची दुपटी, चादरी सगळं डांबरगोळ्या टाकूनच ठेवतात. मॅडम म्हणाल्या जीसिक्सपीडी तपासू. रिपोर्ट नॉर्मल आला, तरी त्या म्हणाल्या तीन महिन्यांनी परत करायची. घरात हे नावच कुणी ऐकलं नव्हतं म्हणून मी वाचत बसलो.

पूर्ण नाव ग्लुकोज सिक्स फॉस्फेट डिहायड्रोजनेज. पेशीत आलेली बरीच साखर ऊर्जेसाठी जळते, पण थोडी एका आडवाटेनं जाते आणि त्या वाटेच्या तोंडाशी हे एन्झाइम बसलंय. तिथं एनएडीपीएच नावाचं एक मदतनीस द्रव्य तयार होतं, ते पेशीतल्या ग्लुटाथायोन या द्रव्याला ताजं ठेवतं आणि ग्लुटाथायोन पेशीला ऑक्सिडेशनपासून वाचवतं. बाकीच्या पेशींना एनएडीपीएच मिळवायचे दुसरेही रस्ते आहेत, रक्तातल्या तांबड्या पेशीला मात्र ना केंद्रक ना मायटोकॉन्ड्रिया (पेशीतली ऊर्जा बनवणारी यंत्रं), त्यामुळं हा एकच रस्ता, आणि साधारण 120 दिवसांच्या आयुष्यात नवीन एन्झाइम बनवताही येत नाही. ते मुळात कच्चं असलं आणि वरनं नॅफ्थलीन म्हणजे आपली डांबरगोळी किंवा ठराविक औषधांचा मारा झाला की पेशी फुटतात, कावीळ होते, लघवी चहासारखी होते.

एन्झाइम जर्मनीत ओटो वारबुर्ग या शास्त्रज्ञांनी 1930 च्या दशकाच्या सुरुवातीलाच शोधलं होतं. ते कमी असलं तर माणसाला काय होतं हे कळलं मलेरियाच्या गोळीमुळं. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेला मलेरियावर औषध हवं होतं, म्हणून इलिनॉयच्या स्टेटव्हिल तुरुंगात कैद्यांना मुद्दाम मलेरिया देऊन औषधं तपासली जायची. कैदेतल्या माणसाची संमती खरी संमती कशी धरायची? मला तरी ते पटत नाही, पण आजचं आपलं ज्ञान तिथनंच आलंय हेही खरं. तिथं रोज 30 मिलिग्रॅम प्रायमाक्विन ही मलेरियाची गोळी दिल्यावर काही कृष्णवर्णीय कैद्यांच्या तांबड्या पेशी फुटायला लागल्या. मग त्यांच्या तांबड्या पेशींना किरणोत्सारी क्रोमियमची खूण करून त्या दुसऱ्या, गोळी सोसणाऱ्या माणसात घातल्या. गोळी दिल्यावर तिथंही त्या फुटल्या. उलट गोळी सोसणाऱ्याच्या पेशी यांच्या अंगात शाबूत राहिल्या. म्हणजे दोष पेशीतच! 1956 मध्ये कार्सन, आल्व्हिंग वगैरे संशोधकांनी दाखवलं की त्या पेशींत जीसिक्सपीडीच कमी आहे. भूमध्य समुद्राकडं फावा बीन म्हणजे बाकला खाऊन पेशी फुटण्याच्या आजाराचं, फेव्हिझमचं मूळही हेच निघालं. (शेंगाचटणी चालेल का हे आईनं लगेच विचारलं. चालेल, बाकल्यातली व्हिसिन, कॉन्व्हिसिन ही द्रव्यं त्रास देतात, शेंगदाण्याचा तो प्रश्न नाही.)

भारतात 1960 च्या दशकात मुंबईच्या पारशी समाजात या कमतरतेचं प्रमाण बरंच जास्त सापडलं, पुढं अनेक आदिवासी समाजांतही. जगात अंदाजे 40 कोटी लोकांत आहे आणि जिथं मलेरिया जुना तिथं जास्त, कारण अशा पेशींत मलेरियाचा जंतू नीट वाढत नाही असं मानतात. जनुक एक्स गुणसूत्रावर, मुलग्याला तो आईकडनंच येतो. हे कळल्यावर ताईला घरात कुणीतरी बोललंच, ती रडली. मला फार राग आला. ज्या जनुकानं कधीकाळी पूर्वजांना मलेरियातनं वाचवलं असेल त्याचा दोष बाईला कसला देता?

व्हायव्हॅक्स या प्रकारच्या मलेरियाला यकृतात लपलेले जंतू मारायला अजूनही प्रायमाक्विनच 14 दिवस देतात, म्हणून ही कमतरता आधी माहीत असणं गरजेचं.

आणि पहिला रिपोर्ट नॉर्मल का? जुन्या पेशी फुटून गेल्या की उरतात त्या नव्या, त्यांत एन्झाइम जास्त असतं, म्हणून त्रास चालू असताना केलेली टेस्ट फसवते. तीन महिन्यांनी परत केली तेव्हा कमी आलं. आता भाच्याच्या फाइलवर लाल पेनानं लिहिलंय, टाळायच्या औषधांची यादी आत चिकटवलीय, आणि ताईनं डांबरगोळ्या घराबाहेर काढून सगळी दुपटी धुवून गच्चीत उन्हात टाकलीत.