डोळ्यातून निघालेली दुसरी वाट

उंदराच्या मेंदूचा पातळ काप रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली धरला, की अगदी तळाशी, मधल्या पोकळीच्या दोन बाजूंना दोन गडद ठिपके दिसतात. दोन्ही डोळ्यांच्या चेता जिथे एकमेकींना छेदतात, त्या फुलीच्या बरोबर वर ते बसलेले असतात. म्हणूनच नाव सुप्राकायझमॅटिक न्यूक्लियस, म्हणजे फुलीवरचा पुंजका. करड्या द्रव्याचा हा पुंजका जेमतेम एक मिलिमीटर लांब. शरीराचे दिवसरात्रीचे घड्याळ इथे आहे, हे कळायला १९७२ उजाडले.

बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये कर्ट रिक्टर कित्येक दशके उंदरांची चाकावरची धाव नोंदवत होते. आंधळ्या उंदराचीही लय टिकते, म्हणजे घड्याळ आतच कुठेतरी. त्यांनी एकेक ग्रंथी काढून पाहिली, मेंदूत जागोजागी इजा करून पाहिली. लय मोडली ती मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमस या भागाच्या पुढच्या अंगाला धक्का लागल्यावरच. नेमकी जागा मात्र हाती आली नाही.

ती सापडली शरीररचनेच्या वाटेने, आणि मला या शोधातले हेच सर्वांत सुंदर वाटते. फुलीच्या मागे दृष्टीचे मार्ग कापले, तरी उंदराचे घड्याळ उजेडाशी जुळवून घेतच होते. मग उजेडाची खबर फुलीपाशीच कुठेतरी उतरत असणार! शिकागोत रॉबर्ट मूर आणि सहकाऱ्यांनी उंदरांच्या डोळ्यात किरणोत्सारी अमिनो आम्ले टोचली. दृष्टिपटलाच्या पेशींनी त्यांची प्रथिने करून तंतूंच्या टोकापर्यंत पोचवली. कापांवर चढवलेल्या फिल्मवर किरणोत्सारामुळे चांदीचे काळे कण उमटले, ते याच ठिपक्यांवर.

त्याच वर्षी, १९७२ मध्ये, मूर व आयक्लर यांनी ठिपके नष्ट केले, तर कॉर्टिकोस्टेरॉन या संप्रेरकाची रोजची चढउतार गेली. बर्कलीत स्टीफन व झुकर यांना पाणी पिण्यात आणि धावण्यात तेच दिसले. उंदीर पाणी पीत होते, पण दिवस काय नि रात्र काय, सारखेच.

तरीही शंका उरली: हे घड्याळच, की घड्याळाकडे जाणारी नुसती वाट? १९७९ मध्ये जपानच्या इनोउये व कावामुरा यांनी चाकूने सभोवतालचे धागे तोडून या भागाचे बेट केले. बेटाच्या आत पेशींच्या विद्युत हालचालीची लय चालू राहिली, बाहेर ती विझली.

पाठोपाठ १९८० मध्ये व्हॅन डेन पॉल यांनी आतला तपशीलवार नकाशा मांडला. एकेका ठिपक्यात सुमारे ८ हजार चेतापेशी, मेंदूतल्या सर्वांत लहान पेशींपैकी; वरच्या-आतल्या अंगाला त्या एकमेकींना खेटून बसलेल्या. तिथे व्हॅसोप्रेसिन हे संप्रेरक बनवणाऱ्या पेशी भरपूर असतात. डोळ्यातले तंतू मुख्यतः खालच्या-बाहेरच्या अंगाला उतरतात, व्हीआयपी हे पेप्टाइड (अमिनो आम्लांची छोटी साखळी) बनवणाऱ्या पेशींच्या वस्तीत.