मिडी क्लॉक, टाइमकोड आणि २४ पल्सचा निर्णय

यंत्रांना एका लयीत चालवणारा सिंक बिघडला की लोक आधी केबल बदलतात, पण बऱ्याचदा घोळ असतो तो क्लॉक (लयीचे ठोके) आणि टाइमकोड (घड्याळासारखी वेळ) एकच धरल्याचा, आणि तो घोळ ड्रम मशिन्सच्या जमान्यापासून चालत आलाय.

१९८० च्या आसपास प्रत्येक कंपनीचा क्लॉक वेगळा होता. एका क्वार्टर नोटला, म्हणजे साधारण एका बीटला, कुणी २४ पल्स (विजेचे ठोके) सोडायचं, कुणी ४८, कुणी ९६. एकाचं मशीन दुसऱ्याला जोडलं की ते दुप्पट पळणार नाहीतर निम्म्यावर रखडणार, मग मध्ये पल्स भागणारा डबा लावा. १९८३ ला मिडी, म्हणजे वेगवेगळ्या कंपन्यांच्या वाद्यांना जोडणारी सामाईक भाषा, आलं आणि त्यात २४ ठरलं. २, ३, ४, ६, ८ सगळ्यांनी भाग जातो, त्यामुळे ट्रिपलेटही, म्हणजे तीन सारखे भागही, नीट बसतात. तरी तेव्हापासून यावर वाद आहे की २४ फार कमी झाले. वायरवरनं सेकंदाला ३,१२५ बाइट जातात, मिनिटाला १२० बीटच्या टेम्पोला ९६ च्या हिशोबानेही १९२ च लागले असते, म्हणजे जेमतेम सहा टक्के. तक्रार खोटी नाही, पण माझ्या मते आकडा हा खरा प्रश्नच नव्हता, कारण सिक्वेन्सर (सुरांचा क्रम साठवून वाजवणारी यंत्रं) आतल्या आत ९६, ४८०, ९६० असे बारीक भाग स्वतःच पाडतात.

खरी उणीव अशी की क्लॉकचा मेसेज म्हणजे नुसता एक बाइट, त्यात ना टेम्पो, ना कितवा बीट. समोरच्या मशीनने दोन पल्समधलं अंतर मोजायचं, १२० ला ते साधारण २०.८ मिलिसेकंद येतं, आणि त्यावरनं टेम्पो ओळखायचा. पल्स जरा मागेपुढे झाले की टेम्पोचा आकडा थरथरतो. गाण्यात कुठे आहोत हे सांगायला साँग पोझिशन पॉइंटर आहे, तो सुरुवातीपासूनचे सोळांश मोजतो, पण जुन्या बऱ्याच मशिन्सना तो कळायचाच नाही. आणि कळला तरी रूपक चाललाय की तीनताल, सम कुठे आली, हे त्यात नाहीच.

टाइमकोड मुळात व्हिडिओ टेपसाठी, १९६० च्या दशकाच्या शेवटी आलेला. तास, मिनिट, सेकंद, फ्रेम. १९८७ ला तो मिडीवर आला, एक पूर्ण वेळ आठ तुकड्यांत जाते आणि त्याला दोन फ्रेम लागतात, म्हणजे आपल्याकडच्या २५ फ्रेमच्या टीव्हीला सेकंदाला १०० मेसेज. याला जागा पक्की माहीत, लय अजिबात नाही. गाणं मध्येच द्रुत झालं तर टेम्पो मॅप, म्हणजे कुठे किती टेम्पो याची नोंद, तुमच्याकडेच हवा.

या दोघांत वर्ड क्लॉक, म्हणजे डिजिटल मशिन्सचं सॅम्पलिंग (आवाजाचे नमुने घेणं) एका वेगात ठेवणारा सिग्नल, विसरला जातो, आणि रेकॉर्डिंग लांबलं की तोच नडतो. टाइमकोडवर दोन मशिन्स एकदम सुरू झाली तरी प्रत्येकाचं सॅम्पलिंग आतल्या घड्याळाच्या स्वतःच्या क्रिस्टलवर चालतं. त्यांच्यात दहा लाखात २० एवढाच फरक असला तरी तासाभरात ७२ मिलिसेकंदांची फारकत होते, आणि तेवढी ड्रमच्या ट्रॅकवर स्पष्ट ऐकू येते.

पुढे सगळं एकाच कॉम्प्युटरात आलं तसं हे प्रश्न लपले, वायफायवरनं बीट शेअर करणारे प्रोटोकॉल आले, २०२० च्या मिडी २.० मध्ये जिटर, म्हणजे ते मागेपुढे होणं, कमी करायला टाइमस्टँपही (मेसेजवरचे वेळेचे शिक्के) आले. पण बाहेरचा सिंथ मिडीच्या पाच पिनच्या केबलने जोडला की अजूनही तोच एक बाइट जातो, क्वार्टर नोटला २४ वेळा.